कमळाखालचे खांब

शुक्रवार, बेळगाव किल्ला

खंडेनवमीला उद्यमबागेतल्या कारखान्यांत कोहळे फुटले, दसऱ्याला सोनं वाटून झालं, आणि कारखाना आता थेट सोमवारी उघडणार होता. एवढी सलग सुट्टी मिळाली की आमच्याकडचे लोक गोव्याला पळतात. आम्ही किल्ल्यात गेलो. बायकोनं आधीच ठरवून टाकलं होतं, "एक दिवस तुमच्या खांबांचा, मग माझं माहेर." मुलगा काही बोलला नाही. त्याला गाडी चालवायला मिळणार होती.

मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीतून सुटलं की लगेच खंदक लागतो. दुर्गादेवीला हात जोडून आत शिरायचं. बाहेरचे हॉर्न मागे पडतात आणि लष्करी हद्दीतली शांतता सुरू होते. वाटेत असदखानानं बांधलेली सफा मशीद आहे, रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावात मुक्कामाला होते, हे इथं शाळेतलं पोरही सांगतं. हे सगळं पाहण्यासारखंच आहे, पण माझे पाय कमल बस्तीकडे ओढ घेत होते.

रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचण. त्यानं हे जैन मंदिर उभं केलं. शके ११२७ म्हणजे इसवी सन १२०४ चे कार्तवीर्याचे दोन शिलालेख इथल्याच किल्ल्यातले. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बेळगावचा दगड बघायला लंडनला जायचं! असो. लेख कानडीत आहेत, त्यात राजाचं नाव आहे, धाकट्या भावाचं, मल्लिकार्जुनाचं आहे, मंत्र्याचं आहे, दिलेल्या दानांचा हिशोब आहे.

मंडपात पाय ठेवला की सगळ्यांच्या माना एकदम वर जातात. छतातून दगडी कमळ खाली उतरलेलं आहे. एकाच्या आत एक लहान होत गेलेली वर्तुळं आणि मधोमध लोंबतं फूल. पाकळ्या ७२. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर, असा तो हिशोब. आमच्या पुढं कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं. त्यातली आजी खाली फरशीवर बसली आणि दोन्ही हात मागे टेकून वर बघत राहिली. बघायची खरी रीत तीच. उभ्यानं पाच मिनिटांत मान धरते.

आत गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले नेमिनाथ आहेत. दर्शन घेतलं, आणि मग मी माझ्या जागी येऊन उभा राहिलो. म्हणजे खांबाजवळ.

तुमची सगळ्यात आवडती कलाकृती कुठली, असं कुणी विचारलं तर लोक एखादं चित्र सांगतात, एखादी मूर्ती सांगतात. मी हा खांब सांगतो. छतातलं कमळही नव्हे, ज्याच्या जिवावर कमळ वर टिकलंय तो खांब. माझी उभी हयात लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, गेली. टर्नर माणूस. शाफ्ट, बुश, पिन, पिस्टन रॉड, जे ड्रॉइंग हातात येईल ते काढायचं. आणि हा खांब टर्निंगचा आहे. छिन्नीनं गोल केलेला नव्हे, फिरवून काढलेला.

हे मला दाखवलं ते आमच्या मेस्त्रींनी. मी नुकता आयटीआय करून लागलो होतो. एका बुशच्या फिनिशवरून माझी आणि तपासणीवाल्याची जुंपली होती. मेस्त्री मध्ये पडले नाहीत. रविवारी सायकलवर डबल सीट बसवून मला इथं घेऊन आले. खांबापाशी उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट. नख वरून खाली ने. काय लागतंय?" काही लागलं नाही. मग त्यांनी माझं बोट धरून एका कड्याजवळ नेलं, जिथं दोन गोलाया मिळतात. "इथं?" इथंही नख अडलं नाही. "हां," म्हणाले, "ह्याला फिनिश म्हणतात. तुझ्या बुशला काय म्हणतात ते तू ठरव."

दुसरं काही बोलले नाहीत. परत येताना शनिवार खुटाजवळ भजी खाऊ घातली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात फिनिशचं मोजमाप म्हणजे हा खांब. पुढं कारखान्यात रफनेस मोजायची यंत्रं आली, मायक्रॉनमध्ये आकडे यायला लागले, पण हातात जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आला की माझं नख आधी जातं. मेस्त्री आता नाहीत.

आज मुलाला तसं करून दाखवणार होतो, पण बस्ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, आणि लाखो हात लागून दगडाचं काय होतं ते मला आता कळतं. म्हणून हात न लावता दाखवायची एक युक्ती आहे ती दाखवली. सकाळचं ऊन मंडपात तिरपं येतं तेव्हा झिलई केलेल्या खांबावर उजेडाची एक उभी रेघ पडते. तिच्यावर नजर ठेवून खांबाभोवती सावकाश चालायचं. खांब कुठं दबलेला असेल, कुठं फुगलेला असेल, तर रेघ तिथं वाकते, नागमोडी होते. हातानं घडवलेला खांब कितीही चांगला असला तरी रेघ कुठंतरी चुगली करतेच. इथं तुम्ही चालाल तशी रेघही तुमच्याबरोबर चालते, सरळच्या सरळ.

मुलगा चालला. एक फेरी, मग उलटी एक फेरी. तो सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर आहे, एका मोठ्या कारखान्यात, त्याचं सगळं काम पडद्यावर. त्यानं पहिलं विचारलं ते असं, "बाबा, धरला कुठं असेल?"

टर्नरच्या पोरानंच विचारावा असा प्रश्न. जॉब धरला कसा, हे कळलं की निम्मं काम कळलं. लोक विचारतात किती वर्षं लागली, किती माणसं होती. हा विचारतो धरला कुठं.

खांब पूर्ण गोल नसतो. खाली चौकोनी बैठक असते, तिच्यावर गोल भाग, मग घंटेसारखा फुगवटा, त्यावर चकत्या, वर पुन्हा छताचा भार घेणारी रुंद बैठक. चौकोन आणि गोल एकाच धोंड्यातले आणि एकाच मध्यावर. म्हणजे आधी चौकोनाचे कर्ण मारून मध्य काढलेला, आणि फिरवताना तो मध्य हललेला नाही. आम्ही लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, फोर-जॉ चकमध्ये, चौकोनी जॉब बांधतो तेव्हा डायल लावून चार-चारदा तपासतो, तरी कधी केसभर आउट फिरतोच.

घरी येऊन जेवल्यावर कॅलेंडरच्या पाठीवर मी हिशोब मांडला. दीड फूट जाडीचा आणि सहा फूट उंचीचा खांब धरला, तर त्यासाठी लागणारा चौकोनी धोंडा टनाच्या वर जातो. चौकोनातून गोल काढताना साधारण २१ टक्के माल उडतो, हे आम्हाला पाठ असतं. गोल झाल्यावरही आठशे किलो उरतोच. आता आठशे किलोचा लांबट जॉब आडवा धरून हातानं फिरवणं मला तरी पटत नाही. दोन्ही टोकांचे आधार झिजतील, आणि मधे जॉब दणके खाईल. उभा धरला तर मात्र सगळं वजन खालच्या खुंटीवर बसतं, वर फक्त डुलू नये एवढा आधार पुरतो, आणि दोर गुंडाळून माणसं ओढू शकतात. काही अभ्यासकही उभं फिरवल्याचं सांगतात. मला ते पुस्तकातून पटायची गरज नव्हती.

शनिवार, खानापूर, हलशी

खानापूर रस्त्यावर देसूर मागे टाकलं की भाताची खाचरं सुरू होतात. या दिवसांत भात पोटरीला येऊन पुढं लोंबायला लागलेलं असतं, आणि खिडकीतून एक कच्चा गोड वास येत राहतो. खानापुरात मलप्रभेवर थांबलो. कणकुंबीच्या डोंगरात उगवलेली ही नदी इथं अजून पोरसवदाच दिसते. खानापूर म्हणजे कौलं आणि मातीची भांडी. बायकोनं दोन मडकी आणि एक झाकणी घेतली आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. पुढचा सगळा रस्ता मी मडकी सांभाळत केला.

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवर थांबलो. कित्तूर पडल्यावरही तो लढत राहिला, १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला इथं फाशी दिलं. समाधीवरच्या वडाला नवसाचे पाळणे बांधलेले असतात. बायकोला लग्नानंतर तिची आई इथंच घेऊन आली होती म्हणे. हे मला आजच कळलं.

हलशी पुढं आडबाजूला आहे. गाव बघून वाटत नाही की ही एके काळची राजधानी. पाचव्या शतकात कदंबांची पलाशिका ती हीच. त्यांचे ताम्रपट इथं सापडले. मृगेशवर्मा नावाच्या राजानं आपल्या बापाच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधल्याचं त्यांत आहे. पुढं गोव्याच्या कदंबांनीही हे गाव मानाचं ठेवलं, आणि आजचं भूवराह नरसिंह मंदिर त्यांच्या काळचं, बाराव्या शतकातलं.

मंदिराला समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकीकडे विष्णू, दुसरीकडे पृथ्वीला उचलून घेतलेला वराह. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन्ही देव एकाच वेळी आपल्याकडे बघत असतात, आणि पाठ कुणाकडे करायची असा पेच पडतो. बायकोनं तो तिरकं उभं राहून सोडवला.

मला शिखर आवडलं. कदंबांचं शिखर साधं असतं. नक्षी जवळजवळ नाही, नुसते आडवे थर, खालचा मोठा, वरचा लहान, त्यावरचा आणखी लहान, मांडून ठेवलेल्या उतरंडीसारखे, आणि टोकाला कळस. बेलूर-हळेबीड बघून आलेल्याला हे रिकामं वाटेल. मला नाही वाटलं. स्टेप टर्निंगमध्ये सगळी गंमत पायऱ्यांच्या प्रमाणात असते. एक पायरी चुकली की अख्खा जॉब बेढब दिसतो, आणि झाकायला नक्षीही नसते.

रात्री सासुरवाडीत तांदळाची भाकरी, मुगाची उसळ आणि मिरचीचा ठेचा. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, देवळातले खांब बघायला एवढं फिरता, मग आमच्या गोठ्याचा खांब कलंडलाय तो कवा बघणार?" सकाळी उठून तो सरळ करून दिला. त्यात नऊ वाजले.

रविवार, बिडी, कित्तूर, देगाव

बिडीवरून कित्तूरला निघालो. इथं देश बदलतो. खाचरं आणि झाडी मागे राहते, जमीन काळी आणि मोकळी व्हायला लागते, दुकानांच्या पाट्यांवरची मराठी हळूहळू कमी होत जाते. आम्हा बेळगावकरांना त्याचं काही वाटत नाही. एक नोव्हेंबर, सीमाभागातला आमचा काळा दिवस, जवळ आला की जे वाटायचं ते वाटतं, पण शॉपफ्लोरवर माझ्या शेजारचा मिलिंगवाला बैलहोंगलचा आहे, आणि आमचं एकमेकांचं सगळं कळतं, शिव्यांसकट.

कित्तूरच्या वाड्याचे अवशेष बघितले. १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये राणी चन्नम्माच्या फौजेनं कलेक्टर थॅकरेला इथंच मारलं. वाड्यात ध्रुवतारा बघायचं एक भोक दाखवतात. मुलगा त्यात डोळा घालून बराच वेळ वाकून राहिला. दिवसाढवळ्या कुठला तारा दिसणार, पण भोक कुठल्या कोनात मारलंय ते बघत होता म्हणे.

देगाव कित्तूरहून पाचेक किलोमीटर. रस्ता शेतांतून जातो. कमलनारायण मंदिर गावातच आहे. कदंब राजा शिवचित्त परमादीदेव, त्याची राणी कमलादेवी. तिनं हे बांधवलं. तीन गाभारे. एकात नारायण, एकात लक्ष्मीला मांडीवर बसवलेला नारायण, आणि तिसऱ्यात स्वतः कमला. राणीचं आणि देवीचं नाव एकच, म्हणजे राणीनं आपल्या नावाचीही सोय लावून ठेवली. बायको म्हणाली, "हुशार बाई."

पुजारी म्हातारे होते. "याव ऊरु?" विचारलं. "बेळगावी," म्हटल्यावर अर्धं कानडी, अर्धं मराठी असं त्यांचं सुरू झालं. मी खांबांभोवती फिरताना बघून त्यांनी मला आत बोलावलं आणि उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च लावून धरला.

इथले खांबही फिरवून काढलेले, काळसर, तुकतुकीत. दगड सोपस्टोनच्या जातीचा. हा दगड खाणीतून नुकताच निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराला सहज कापतो, आणि हवेत राहून कठीण होत जातो. उत्तर चालुक्यांच्या काळात कारागीर वाळूच्या दगडाकडून या दगडाकडे वळले, म्हणूनच ही असली बारीक कडी, हे पातळ ओठ दगडात निघाले. कडक दगडात कड उडाली असती. आमच्याकडेही तसंच असतं. मटेरियल बदललं की हात बदलतो, मग ड्रॉइंग बदलतं. लोकांना वाटतं उलट होतं.

देगावला यायचं माझं खरं कारण मात्र वेगळं होतं. या देवळाच्या स्थपतीचं नाव ठाऊक आहे. तिप्पोज. कदंबांचा मुख्य शिल्पकार. राजाचं नाव, राणीचं नाव, आणि त्यांच्याबरोबर ज्यानं काम केलं त्याचंही नाव. बेळगावच्या माझ्या खांबाबाबतीत मला मंत्री ठाऊक आहे, राजा ठाऊक आहे, राजाचा भाऊसुद्धा ठाऊक आहे.

मी ते मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय' असतं की बाबा. 'चेक्ड बाय' पण असतं."

"आणि 'टर्न्ड बाय'?"

"ते नसतं."

नसतंच. मी काढलेले शाफ्ट कुठं कुठं फिरताहेत कोण जाणे. उसाच्या कारखान्यांत असतील, पंपांत असतील, काही परदेशातही गेलेत. त्यांच्यावर कंपनीचा शिक्का आहे. आमच्या मेस्त्रींना एक खोड होती. लहान पंचानं जॉबच्या न दिसणाऱ्या तोंडावर, जिथं दुसरा पार्ट बसून झाकला जाईल तिथं, ते एक बारीक टिंब मारायचे. नाव नाही, अक्षर नाही, टिंब. एका ठिकाणी त्यावरून मॅनेजरनं त्यांना झापलंही होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सेंटरचं आहे." सेंटरचं नसायचं. तिप्पोजानं नाव कोरवलं तेव्हा त्यालाही कुणी झापलं असेल का, असं उगाच मनात आलं. पण त्याची राणी समजूतदार होती म्हणायची.

आणि तिप्पोज मुख्य होता. खांब त्यानं स्वतः फिरवले नसणार. दोर ओढणारे वेगळे, टाकी धरणारा वेगळा, झिलई काढणारा वेगळा. म्हणजे नाव इथंही टर्नरचं नाहीच, डिझाइनरचं. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मग तुमचा बेळगावचा खांबच बरा. तिथं कुणाचंच नाही." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. एक नाव राहिलं तरी राहू दे.

परतताना कित्तूरच्या फाट्यावर गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. गिरमिट ज्या कागदावर आलं त्याच कागदाच्या कोपऱ्यावर मुलानं पेन काढलं.

"व्यास साडेचारशे मिलिमीटर धरू. दोर ओढून मिनिटाला किती फेरे होतील?"

"पंधरा. जास्त नाही. एक टन आहे तो."

"पंधरा म्हणजे..." त्यानं गुणाकार केला. "२१ मीटर कटिंग स्पीड."

मी कागद ओढून घेतला आणि पुन्हा गुणलं. बरोबर होतं. हाय-स्पीड स्टीलच्या टूलनं माइल्ड स्टील कापताना आम्ही मिनिटाला पंचवीस-तीस मीटर धरतो. मऊ दगडाला २१ मीटर म्हणजे चांगलंच झालं. अर्थात पंधरा हा माझाच अंदाज. पण दहा धरले तरी १४ मीटर येतात, तेही काही वाईट नाही.

"माझ्याकडे कार्बाइडच्या टूलला दोनशे घेतो," मुलगा म्हणाला.

"तुझ्याकडे कूलंट आहे. त्यांचं काय?"

"पाणी ओतत असतील. आणि पाण्याबरोबर बारीक वाळू गेली की झिलई आपोआप."

"आपोआप काही होत नाही. वाळू आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. एमरी पेपर लावतोस तेव्हा थेट शेवटचा नंबर लावतोस का?"

"पण कोपरे? चौकोनी धोंडा फिरवला तर प्रत्येक फेऱ्यात टूलला चार दणके."

"कोपरे आधी टाकीनं उडवले असणार. अष्टकोन करून घ्यायचा, मग सोळा कोन, मगच चढवायचा."

"आणि घंटेचा तो आतला वळसा? तिथं टूल कसं पोचलं?"

ते मला सांगता आलं नाही. वळशाच्या मापाचा लाकडी साचा करून ताडत असतील, हत्यार बाकदार असेल, एवढं म्हटलं. त्यानं कागदावर हत्यार काढलं, मी त्यावर फुली मारली, कारण तसल्या टूलची मान पहिल्याच कटला मोडली असती. त्यानं मान जाड केली, तर ते वळशात शिरेना. दुसरा कागद मागवला. बायको मडकी घेऊन गाडीत जाऊन बसली होती. तिनं तिथूनच हॉर्न वाजवला.